भाडेकरूच्या घरचा चहा

आबा, परवा धुळ्याला पाणी आलं तेव्हा मी मोटारीच्या पेटीजवळ उभी होते. एका पायावर भार, एक हात भिंतीला, नजर वर गच्चीकडे. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की तुम्ही असेच उभे राहायचात. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली. तुमच्यासारखं नाक नाही, रंग नाही, अक्षर तर मुळीच नाही. आलं ते हे उभं राहणं. मी जळगावहून पहाटेची बस धरून फक्त पेटीचं कुलूप उघडायला येते हे कळलं असतं तर तुम्ही हसला असता, किंवा तुमच्या पद्धतीनं नुसतं हूं म्हणाला असता. पण ही पाळी माझ्यावर कशी आली ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण त्यात तुमचंही एक प्रकरण निघालं, आणि ते तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतं.

आधी घराचं सांगते. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत राहून तुम्ही देवपुरात हे घर बांधलंत. पुढच्या भागात आपण, मागच्या दोन खोल्यांत गुरुजी आणि त्यांच्या पत्नी अक्का, वर दोन बिऱ्हाडं. आपलं घर बौद्धांचं, भाडेकरू बहुतेक शिंदखेड्या-शिरपूरकडच्या शेतकरी घरांतले. ते आपल्याकडे का येतात हे लहानपणी मला कळत नव्हतं, मोठेपणी कळलं. ते पाण्यासाठी येत. नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात तुम्ही अंगणाखाली मोठा हौद खणला होता, गच्चीवर प्रत्येकाला वेगळी टाकी दिली होती आणि मोटारीचं बटण लोखंडी पेटीत कुलूपबंद ठेवलं होतं. चावी तुमच्या शर्टाच्या खिशात. पाण्याच्या दिवशी तुम्ही ऑफिसातून मधेच घरी यायचात, एकेक वॉल उघडायचात आणि गच्चीवर जाऊन टाकीत वेळूची काठी बुडवून बघायचात. काठीवर लाल ऑइलपेंटची खूण होती. प्रत्येकाला खुणेपर्यंत पाणी, आणि आपली टाकी सगळ्यात शेवटी. आई कुरकुरायची की घरमालकीण होऊन मी शेवटी आंघोळ करते. तुम्ही तिला उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

आणि तुमचा तो नियम. भाडेकरूच्या घरी चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा नाही. काही सांगायचं असलं तर उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगायचं. दिवाळीचा फराळ आला तर आईनं तेच ताट आपल्या फराळानं भरून परत पाठवायचं, पण आपण कुणाकडे जाऊन बसायचं नाही. मी कारण विचारलं तेव्हा तुम्ही आपल्या घरच्या बोलीत म्हणालात, "चहा पिदा का जीभ जड व्हई जास. मंग भाडं कोणता तोंडघाई मांगशी?" मला ते पटलं होतं. पटलं, पण आवडलं नव्हतं. कारण गुरुजी तर तुमचे खरे मित्र होते. संध्याकाळी दोघं मिळून समोरच्या टपरीवर जायचात, एक दिवस पैसे तुम्ही द्यायचे, एक दिवस त्यांनी. कपाशीच्या भावापासून शाळेतल्या बदल्यांपर्यंत सगळ्या जगाचा निकाल त्या बाकड्यावर लागायचा. अंधार पडल्यावर दोघं परत यायचात, गुरुजी आपल्या दारातून आत जायचे, तुम्ही आपल्या. दहा पावलांवर अक्काची चूल आणि चहा प्यायला रस्ता ओलांडून जायचं, हे मला कंजूषपणाचं की उधळेपणाचं ते ठरवता यायचं नाही.

एक उन्हाळा आठवतो. गच्चीवर कुरडया घालायचं काम चाललं आहे, बायकांचा गलका आहे, आणि अक्कानं मला खाली त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावून गव्हाचा गरम चीक दिला आहे, वाटीत, वर तेल आणि तिखट. मी त्यांच्या ओट्यावर पाय हलवत खाते आहे. तुम्ही पाण्याचं बघायला आलात आणि दारात थांबलात. ओरडला नाहीत. "बाहेर ये," एवढंच म्हणालात. मी वाटी घेऊनच बाहेर आले. तुम्ही मला ती संपवू दिलीत, मग माझ्या हातातून घेतलीत, अंगणातल्या नळाखाली स्वतः विसळलीत आणि अक्काच्या उंबऱ्यावर पालथी ठेवलीत. नंतर घरात मला समोर उभं करून म्हणालात, "भाडेकरूना घर खावानं नही. खादं तर भांडं आपलं आपण धोवानं." मी रडले. चीक आवडीचा होता आणि अपमान कसला झाला ते कळत नव्हतं. तुमचा राग आला, तो बरीच वर्षं टिकला. पण भांडं धुवायची सवय तेवढी लागली. अजून कुणाच्याही घरी गेले तरी माझा कप मी मोरीपर्यंत नेते, आणि लोक म्हणतात, काय वळण आहे.

तुमच्यामागे मी तोच धंदा करते आहे हे तुम्हाला विचित्र वाटेल. जळगावात आता पुष्कळ फ्लॅट असे आहेत की मालक पुण्याला किंवा त्याच्याही पलीकडे, आणि घर इथे. त्यांच्या चाव्या माझ्याकडे असतात. भाडेकरू बघायचा, अकरा महिन्यांचा करार करायचा, पोलीस ठाण्यात कागद द्यायचे, गळकी भिंत कुणी दुरुस्त करायची यावरून दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. या कामात माझं नाव कडक बाई म्हणून आहे. सख्ख्या नणदेच्या जावयाला मी अनामत रकमेशिवाय चावी दिली नाही, त्यावरून नणंद दोन लग्नांत माझ्याशी बोलली नाही. म्हणजे तुमचा नियम मी पाळत होते. चहा तेवढा प्यायचे, कारण आता न पिणं उद्धटपणाचं दिसतं.

तो नियम मी मोडला एकदाच, आणि मोडला तो तुमच्याच घरात. कॉलेजातली माझी मैत्रीण तुम्हाला आठवत असेल. उंच, शिरपूरकडची, मोठ्यानं हसणारी, परीक्षेच्या दिवसांत आपल्याकडे राहायची आणि आईच्या हातची कळण्याची भाकरी खायची. आम्ही तीन वर्षं एका डब्यात जेवलो. तिच्या डब्यात केळीची भाजी असली की मी रुसायचे, माझ्या डब्यात भेंडी असली की ती. एकदा मी तिच्या गावी दोन दिवस गेले होते. मोठं घर, कापसाच्या गंजी, तिची आई गोड बोलायची. पोचल्या पोचल्या चहा दिला, तो कपात होता की कशात ते आता आठवत नाही, पण आलं घातलेलं होतं आणि प्रवासाचा शीण गेला होता.

तीन वर्षांपूर्वी तिचा फोन आला. नवरा गेला होता, मुलगा पुण्यात नोकरीला चिकटायच्या बेतात होता, आणि तिला धुळ्यात खाणावळ सुरू करायची होती, कॉलेजच्या पोरांसाठी. आई गेल्यापासून आपला पुढचा भाग रिकामाच होता. मी एका वाक्यात हो म्हटलं. करार? आपल्यात कसले कागद. अनामत? काहीतरीच. भाडं जमेल तसं दे. हे सगळं मी बोलले आहे, आबा, मी, जिनं नणदेच्या जावयाला उन्हात उभं केलं होतं. मला खरंच आनंद झाला होता. आईच्या स्वयंपाकघरात पुन्हा चूल पेटणार, मी गेले की कुणीतरी दार उघडणार, याचं मला एवढं अप्रूप वाटलं की बाकी काही सुचलंच नाही.

आणि चावी. तुम्ही गेल्यापासून मोटारीची चावी गुरुजींकडे होती. तुमची काठीही. पाण्याच्या दिवशी ते ऐंशीकडे झुकलेल्या वयात जिना चढायचे, काठी बुडवायचे, खुणेपर्यंत भरलं की वरून आवाज द्यायचे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला किती त्रास द्यायचा. मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, आता तुम्ही आराम करा. माझी मैत्रीणच राहायला आली आहे, ती बघेल सगळं." त्यांनी खिशातून चावी काढली, उपरण्याला पुसली आणि माझ्या हातात दिली. "बरं झालं," म्हणाले. काठी गच्चीवर ठेवली आहे हेही सांगितलं. मी पाया पडले आणि चावी पुढच्या दारानं मैत्रिणीला नेऊन दिली. आपण फार विचारी आहोत असं मला त्या दिवशी वाटत होतं.

पहिलं वर्ष छान गेलं. मी काही ना काही कारण काढून धुळ्याला जायची, तिच्याकडे मुक्काम, गप्पा, पोरांच्या पंगती. तिचा हात मोठा आणि बोलणं त्याहून मोठं, त्यामुळे खाणावळ चालली. भाडं कधी यायचं, कधी राहायचं, मी विषय काढत नव्हते. जीभ जड झाली होती म्हणा. मागच्या दारी गुरुजींकडे मी डोकावायचे, पण उभ्या उभ्याच. "पाणी वगैरे ठीक ना?" असं विचारायचे आणि ते "ठीक, ठीक" म्हणायचे. मैत्रीण कित्येकदा माझ्या शेजारीच उभी असायची. तिच्यादेखत त्यांनी दुसरं काय म्हणायचं होतं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

गेल्या थंडीत तिनं गच्चीवर भरीत केलं. रावेरकडून कुणीतरी मोठाली हिरवी वांगी आणली होती. पत्र्यावर तुरीच्या काड्यांचा जाळ, भोवती पोरं, कुणी कांद्याची पात चिरतंय, कुणी बडबडगाणं म्हणावं तसं एकमेकांच्या मास्तरांची नक्कल करतंय. ती कंबरेला पदर खोचून जाळापाशी बसली आहे आणि लांब काठीनं वांगी उलटते आहे. मी पोटभर जेवले. भरीत फार चांगलं झालं होतं, हे सांगितलंच पाहिजे. जेवून हात धुवायला म्हणून मी टाक्यांकडे गेले तेव्हा मागे वळून पाहिलं, आणि मग ती काठी नीट दिसली. वेळूची. टोकाकडून वीतभर जळून काळी झालेली. लाल खूण ज्या ठिकाणी होती तिथे आता कोळसा होता.

मी गुरुजींच्या टाकीचं झाकण उचललं. तळाशी गाळ होता आणि गाळावर बोटभर पाणी. शेजारी मैत्रिणीच्या दोन नव्या टाक्या काठोकाठ भरलेल्या, त्या मला माहीतही नव्हत्या. वरच्या दोन बिऱ्हाडांपैकी एक सोडून गेलं होतं, का गेलं ते मी विचारलं नव्हतं.

खाली मागच्या दारी गेले. गुरुजी पेपर वाचत होते. अक्का दारातल्या खाटेवर बसल्या होत्या, पलीकडे पाण्याचे विकतचे जार, रिकामे आणि भरलेले. "कधीपासून?" मी विचारलं. गुरुजींनी पेपर खाली ठेवला. "अगं, पोरांची जेवणं असतात तिच्याकडे. तिलाही लागतं." मी म्हटलं, "मला फोन का नाही केला?" ते म्हणाले, "तुझी मैत्रीण आहे. तुझ्याकडे तिची तक्रार कशी करायची?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र स्वतःचा भयंकर राग आला. मी एकीशी दोस्ती केली आणि बाकीच्यांची तोंडं बंद झाली. तुम्ही तेवढ्यासाठीच उंबऱ्याबाहेर उभे राहत होता, असं मला वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं, "आबांचं बरोबर होतं. भाडेकरूच्या घरी चहा घ्यायचा नाही म्हणायचे ते उगाच नाही."

अक्का म्हणाल्या, "तो नेम त्यासनी भाडासाठे नही कया व्हता, बेटा." गुरुजी म्हणाले, "जाऊ दे ना आता." पण त्या थांबल्या नाहीत. वय झालं की माणसं एक तर फार बोलतात किंवा खरं बोलतात, अक्का दोन्ही करतात. त्या म्हणाल्या, त्या नव्यानं इथे राहायला आल्या तेव्हा पहिल्याच महिन्यात तुम्ही त्यांची खिडकी दुरुस्त करायला घरात आला होता. काम झाल्यावर त्यांनी चहा दिला. गुरुजींना कपबशीत, तुम्हाला वेगळ्या स्टीलच्या ग्लासात. तो ग्लास खिडकीत ठेवायचा आणि घरातल्या भांड्यांत मिसळू द्यायचा नाही, असं त्यांच्या सासूनं बजावून ठेवलं होतं. "पानी तुमनाज टाकानं व्हतं," अक्का म्हणाल्या, "अन् गलास मातर येगळा." तुम्ही चहा प्यालात. ग्लास विसळलात. खिडकीत पालथा ठेवलात आणि गेलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही बठ्ठ्यांना, वरच्यांना, खालच्यांना सगळ्यांना, सांगून टाकलं की मी भाडेकरूंकडे चहापाणी घेत नाही, माझा नियम आहे.

"मंग मी कपमा चहा धाडा," अक्का म्हणाल्या. "सासू गयी तव्हयपासून कितलांदाव धाडा. त्यासनी पिदा नही." गुरुजी खिडकीकडे बघत होते. ते म्हणाले, "रोज टपरीवर बसायचो आम्ही. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. विषय त्यांनी काढला नाही, मलाही धीर झाला नाही." मग अक्का उठल्या, जारमधून पाणी घेतलं, चहा ठेवला आणि कपाटातून नक्षीचा कप काढून पदरानं पुसला. अर्धाच कप होता, पाणी जपून वापरत होत्या. मी तो प्याले. कप धुवायला उठले तर त्यांनी मनगट धरलं. "ठेव तठेच," म्हणाल्या. मी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैत्रिणीकडे चावी मागितली. खरं तर रात्रभर मी एक गोड वाक्य जुळवत होते, पण तोंडातून सरळच निघालं. ती कणीक मळत होती. "कसली चावी?" "मोटारीची." तिनं हात थांबवला. "गुरुजींनी सांगितलं?" "मी टाकी बघितली." ती म्हणाली, "मग मी काय करू? पोरं जेवायला येतात, भांडी कशानं घासू? मला कमी पडतं म्हणून मी घेते. त्यांनी एकदा तरी म्हटलं का, आम्हाला पुरत नाही?" मी म्हटलं, "ते म्हणणार नाहीत. म्हणून तर वाटून द्यायची पद्धत होती." "पद्धत मला कुणी सांगितली?" हा प्रश्न बरोबर होता. मी तिला चावी दिली होती, काठी कशासाठी आहे ते सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी ती एक काठी होती. हे मी कबूल केलं. मग मी सांगितलं की खुणेपर्यंत पाणी सगळ्यांना, खाणावळीला जास्त लागेल त्यासाठी टँकर तिनं मागवायचा, आणि करार करायचा. कणकेचा गोळा एका बाजूनं सुकायला लागला होता. "एका डब्यात जेवलो आपण," ती म्हणाली, "आणि आता मला कुलूप लावतेस? टँकर परवडला नाही तर बंद करू का हे सगळं?" तिचे डोळे भरले होते. तिचं सगळं त्या खाणावळीवर उभं होतं हे मला माहीत होतं. माझं तिच्याशिवाय दुसरं कुणी जुनं माणूस उरलेलं नाही, हे तिला माहीत होतं की नाही कोण जाणे.

तिनं खिळ्यावरची चावी काढून ओट्यावर ठेवली. हात पुसले. मग, बहुधा रागानंच, म्हणाली, "चहा ठेवू का, मालकीणबाई?" आणि मी म्हटलं, "मी भाडेकरूंच्या घरी चहा घेत नाही." आईच्या स्वयंपाकघरात उभी राहून. कालच्या अक्काच्या चहाची चव तोंडात असताना. वाक्य तुमचंच, पण तुमच्याकडे त्याला कारण होतं. मी ते केवळ लागावं म्हणून वापरलं, आणि ते लागलं. तिनं पातेलं पालथं घातलं आणि पुन्हा कणकेला लागली.

चावी मी गुरुजींना परत द्यायला गेले. त्यांनी घेतली नाही. "मीही भाडेकरूच आहे," म्हणाले, "चावी मालकाच्या खिशात बरी." नव्या वेळूवर लाल खूण मात्र त्यांनीच केली, हात कापत होता त्यामुळे जरा वाकडी आली आहे. तेव्हापासून पाणी येणार असलं की त्यांचा फोन येतो आणि मी पारोळ्याच्या रस्त्यानं बसमध्ये डुलक्या घेत येते. वॉल उघडते, गच्चीवर चढते, काठी बुडवते. मैत्रिणीची टाकीही खुणेपर्यंतच. करारावर तिनं न वाचता सही केली. टँकर मागवते. खाणावळ चालली आहे, दर थोडे वाढवले, काही पोरं गेली, काही नवी आली. ती माझ्याशी बोलत नव्हती. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून "वॉल उघडते गं" म्हणायचे, आतून भांड्याचा आवाज यायचा. आबा, सांगायला हरकत नाही, त्या दिवसांत परतीच्या बसमध्ये मला रडू यायचं. धंदा बरोबर झाला होता. मैत्रीण गेली असं मी धरून चालले होते.

परवा पाणी भरून झालं, बसला वेळ होता, म्हणून मी समोरच्या टपरीवर बसले. टपरी आता जुन्या माणसाचा नातू चालवतो, बाकडं मात्र तेच आहे किंवा तसंच आहे. रस्त्यापलीकडून ती आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. माझ्या शेजारी बसली आणि टपरीवाल्याला म्हणाली, "दोन दे." मग माझ्याकडे न बघता, "इथं तरी पिशील ना?" मी हो म्हटलं. काचेच्या ग्लासातून चहा आला, दोघींना सारखाच. ती टँकरवाल्याला शिव्या देत होती, तो लुटतो म्हणाली, मी म्हटलं दुसरा बघून देते. मुलाची नोकरी पक्की झाली. वांगी आता महाग आहेत. गुरुजींना संध्याकाळची भाजी ती हल्ली पाठवते, ते डबा धुऊन परत करतात. पैसे तिनं दिले. पुढच्या पाण्याला माझी पाळी.

उठता उठता तिनं विचारलं, "तुझे आबा रोज इथंच बसायचे ना गुरुजींसोबत? घरात का नाही बसायचे गं?" सांगायला तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, "त्यांना इथला चहा आवडायचा." ती म्हणाली, "चांगला आहे, पण गोड फार," आणि रस्ता ओलांडून गेली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. तिच्या गावी मला चहा कशात दिला ते आठवत नाही असं मी वर लिहिलं आहे. आठवतं. सगळ्यांना कपबशा होत्या, मला स्टीलचा ग्लास. मैत्रीण समोर बसली होती, हसत होती, तिनं पाहिलं की नाही ते मी आजवर विचारलेलं नाही आणि परवाही विचारलं नाही. कुणी मला काही सांगितलं नव्हतं. मी आपणहून उठले, ग्लास विसळला आणि त्यांच्या खिडकीत पालथा ठेवला.